केरबाच्या पोटातलं पेव

हरिपुरात हळदीच्या पेवांवर काम करणाऱ्या माणसाचा रंग कुणी बघत नसे. तळहात पिवळे, नखं पिवळी, धोतराचा काठ पिवळा, कानामागच्या घडीतसुद्धा हळद. त्यांची मुलं शाळेत पाटी पुसत, तेव्हा पाटीवर पिवळी बोटं उठत. त्यामुळे केरबा पिवळा दिसू लागला तेव्हा गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. हळदीतला माणूस पिवळा असायचाच.

मी तेव्हा हरिपूरच्या शाळेत मास्तर होतो. सांगलीचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि शाळेच्या पाटीवर आता कुणाचं नाव रंगवायचं ते ठरत नव्हतं. आमची खोली आणि केरबाची खोली एकाच अंगणात होती. मध्ये एक कुडाची भिंत. तिकडचं खोकणं इकडे ऐकू येई, इकडची फोडणी तिकडे समजे. अंगणाच्या मधोमध एक आड होता. दोन्ही घरं त्याचंच पाणी पीत.

केरबा मूळचा कोरेगावकडचा. लढाईत पलटणीबरोबर मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेला होता. तिथल्या छावणीत शिपायांत काविळीची साथ आली, त्यात हाही सापडला. तंबूत पडून राहिल्याच्या गोष्टी तो हसत सांगे. "उकडल्यालं बटाटं आन् गोड चा, मास्तर. सायबानं दुसरं काय दिलंच न्हाई. म्या म्हनलं, हितं मरन्यापरास लढाईत मेल्यालं बरं, तिथं निदान मटन तरी मिळतंय." लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं आणि तो गावी आला. बायको शालूबाई आष्ट्याची. तिचे मामा तात्याबा हरिपुरात पेवांवरच्या टोळीचे मुकादम होते. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं आणि केरबाला टोळीत घातलं.

माणूस नीटनेटका. घोंगड्याची घडी अशी घाली की चारी कोपरे एकावर एक. पलटणीतला पत्र्याचा मग रोज राखेनं घासून खुंटीला अडकवी. गल्लीत कुणीही "लंबर?" असं विचारलं, की हातातलं काम सोडून ताठ उभा राही आणि एका दमात म्हणे, "वन फोर सेवन झिरो टू, सिपाई केरबा, हाजिर साब." मग पुन्हा कामाला लागे. पोरंच काय, मोठी माणसंही जाता-येता विचारत. तो कधी कंटाळला नाही.

पेवाचं काम सोपं नव्हे. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वर माणूस अंग चोरून आत जाईल एवढंच तोंड, खाली पोट मात्र खोलीएवढं. आतून उसाचा पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. कृष्णेकाठची ती माती अशी, की वर्षानुवर्षं आतल्या हळदीला कीड लागत नाही. पण उघडताना जपावं लागे, कारण आत वाफ कोंडलेली असते. फरशी सरकवून तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. तेवत राहिला तर माणसानं उतरायचं.

तात्याबांच्या टोळीत आणखी एक नियम होता. उतरणाऱ्यानं सकाळपासून पोटात काही घालायचं नाही. तात्याबांच्या तरुणपणी भरल्या पोटी उतरलेला एक गडी खाली ओकला आणि तिथंच गुदमरला. त्याला तात्याबांनी स्वतःच्या हातानं वर काढलं होतं. तेव्हापासून टोळीची न्याहारी फडक्यात बांधून पेवाच्या काठावर ठेवलेली असे. माणूस वर आल्यावरच ती सुटे. हा नियम मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही. तात्याबा कुणावर हात उगारत नसत, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी माणूस हातातला घास खाली ठेवी.

त्या वर्षी केरबाचं पोट सुटू लागलं. हात मात्र काटकुळे होत चालले. गुंडा म्हणून एक गडी त्याच्या जोडीला असे; हा उतरायचा आणि गुंडा दोर धरायचा. तो म्हणे, "केरबा, कितवा लागला रं?"

"तुझ्यासारखं जुळं हाय. म्हून येळ लागतोय."

"मग आता शालूवैनी दोर धरंल आन् तू डोहाळं सांग."

टोळी हसे, केरबाही हसे. संध्याकाळी अंगणात बसून तो पायाच्या नडगीवर अंगठा दाबी आणि पडलेला खड्डा किती वेळ राहतो ते बघत बसे. मला ते आमच्या खिडकीतून दिसे.

पेवं शाळेच्या मागच्या बाजूलाच होती. एका सकाळी, शाळा भरायच्या आधी, तिकडून ओरडा ऐकू आला म्हणून मी गेलो. केरबा खाली होता. हळदीनं भरलेली पाटी वर येणं थांबलं होतं. गुंडा पेवाच्या तोंडाशी पालथा पडून हाका मारत होता. "केरबा, झोपलास व्हय रं? आरं, ओ दे की." खालून ओ नाही. त्या वयात तात्याबा स्वतः उतरले, दोर केरबाच्या काखेतून बांधला आणि आम्ही चौघांनी ओढला.

केरबा वर आला तो नदीतून काढल्यासारखा ओला होता. घामानं हळद विरघळून त्याच्या छातीवरून ओघळत होती. हात लटलट कापत होते. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत आमच्यापैकी कुणी नव्हतं. त्यानं तात्याबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कौन हो तुम? पास दिखाओ."

गुंडा आधी हसला. मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. तो खाली बसला आणि केरबाचा खांदा धरून म्हणाला, "लंबर सांग, केरबा. लंबर?"

केरबाचे ओठ हलले. तो ताठ व्हायला बघत होता, पण नंबर काही आला नाही. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला भीती वाटली ती त्या क्षणी. त्याच्या तोंडून तो नंबर न येणं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

"वाफ लागली," तात्याबा म्हणाले.

"मामा, कंदील अजून जळतुया खाली," गुंडा हळूच म्हणाला.

"कंदील काय माणूस हाय व्हय? माणसाला आदी लागती."

चिंचेखाली त्याला निजवलं आणि वारा घातला. तेवढ्यात पेवाच्या मालकाच्या घरून टोळीचा चहा आला. त्या घरचा चहा पाकासारखा गोड असे. केरबानं कशी कोण जाणे, हात लांब करून गुंडाच्या हातातली कपबशी ओढून घेतली आणि घटाघट प्यायली. तात्याबा रागावले, कारण वाफ लागलेल्या माणसाला दिवस कलेपर्यंत पाणीही द्यायचं नाही, असा टोळीचा रिवाज होता. पण चहा पोटात गेला होता. थोड्या वेळानं केरबानं डोळे मिचकावले, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "समदी का जमलाईसा? कोन मेलं?"

सगळ्यांनी वाऱ्याला आणि चिंचेच्या सावलीला हात जोडले. चहाचं कुणाच्या मनात आलं नाही.

तात्याबांचा केरबावर जीव होता. भाचीचा नवरा, लढाईतून परत आलेला, कामाला चोख. त्यांनी त्याला पेवात उतरायचं बंद केलं आणि दोरावर ठेवलं. पण वाफ अंगात मुरली आहे, ती उपाशी ठेवूनच निघेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. म्हणून त्यांनी शालूबाईला बजावलं, की रात्रीचं जेवण बंद. दिवस मावळायच्या आधी पेलाभर ताक, मग दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत काही नाही. हा उपाय त्यांच्या वडिलांचा होता. त्यानं बऱ्या झालेल्या माणसांची नावं ते सांगत. ती माणसं बरी झालीही असतील. त्यांना खरोखरच वाफ लागली असेल.

मग पहाटेचं दुखणं सुरू झालं. आधी शालूबाईला ते समजलंच नाही. कोंबडं आरवायच्या सुमारास केरबा झोपेत बोलू लागे, दात वाजवी, अंथरूण घामानं भिजे. हलवलं तर डोळे उघडी आणि तिलाच विचारी, "तू कुनाची?" कधी खुंटीवरचा मग काढून दाराशी पहाऱ्यावर उभा राही. ती त्याला हाताला धरून आणी, पायाशी बसून राही. उन्हं वर आल्यावर ताक-भाकरी पोटात गेली, की तो हळूहळू माणसांत येई आणि मान खाली घालून विचारी, "रातीला काय केलं का म्या?"

"न्हाई. झोपला हुतासा."

नदीवर बायका बोलू लागल्या. झोकांड्या खात अंगणात फिरतो, पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत. लढाईवरून येताना बाटली घेऊन आलाय. शालूबाई धुणं आपटत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "वास येत असंल तर येऊन हुंगा. पहाटंच या, म्हंजी मलाबी तेवढीच सोबत हुईल."  तिनं हे माझ्या पत्नीला सांगितलं तेव्हा ती हसत होती; पण सांगताना तिनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

अशाच एका पहाटे आमच्या दारावर थाप पडली. शालूबाई होती. आवाज बाहेर फुटू नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला होता. तिनं नुसतं आडाकडे बोट केलं.

झुंजूमुंजू झालं होतं. केरबा आडाच्या काठावर उभा होता. पोहऱ्याचा दोर त्यानं कमरेला बांधला होता. दोराचं दुसरं टोक कुठंच बांधलेलं नव्हतं. ते त्याच्या मागे जमिनीवर पडलं होतं. त्याचं एक पाऊल काठाच्या दगडावर होतं आणि तो आत वाकून बघत होता.

"कंदील सोड, गुंडा," तो म्हणाला. "मग म्या उतरतो."

हाक मारली तर दचकून जाईल. पुढं झालं तर मागं सरकेल, पण मागं सरकेल की पुढं, हे कोण सांगणार? मी दारातच थांबलो. शालूबाई मात्र हळूहळू चालत गेली. तिनं जमिनीवरचं टोक उचललं, स्वतःच्या मुठीला दोन वेढे दिले आणि अगदी गुंडाच्या सुरात म्हणाली, "थांब रं, गड्या. तोंड अजून निवलं न्हाई. वाफ हाय आत. मागं हो."

केरबानं पाऊल मागं घेतलं. तिनं दोर ताणला, मी जाऊन त्याच्या कमरेला मिठी घातली आणि आम्ही तिघंही अंगणात खाली आलो. त्याचं अंग बर्फासारखं गार लागलं. माझ्या पत्नीनं चुलीवर नुकतंच तापत ठेवलेलं दूध आणलं, त्यात मूठभर साखर टाकली आणि पेला त्याच्या ओठांना लावला. त्याला गिळता येत होतं हे नशीब. तो प्यायला. शालूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिची नजर दुखणेकऱ्याकडे बघणाऱ्या माणसाची नव्हती. काहीतरी घडायची वाट बघत असल्यासारखी होती.

उजाडायच्या आत केरबा विचारत होता, कमरेला दोर कुणी बांधला.

त्याला आत निजवून ती बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. म्हणाली, "मास्तर, येक बोलू? दर बारीला पोटात कायतरी ग्येलं की येत्यात ह्ये भानावर. पेवावरबी चा प्याले तवाच आले. मला लय दिसापास्नं वाटतंय, ही वाफ न्हवं. ही भूक हाय."

"मग मामांना सांगितलं का नाहीस?"

"आन् म्या गुपचूप भाकरी चारली आन् त्येंचं काय बरंवाईट झालं तर? समदी म्हनतील, मामा वाचवीत हुता, बायकूनं मारला." ती आडाकडे बघत राहिली. "दोन्हीकडनं भ्या वाटतंय, मास्तर. चारायचंबी आन् न चारायचंबी."

त्याच दिवशी आम्ही मिरजेच्या दवाखान्यात गेलो. टांग्यात केरबा, शालूबाई, तात्याबा आणि मी. तात्याबा यायला तयार नव्हते. आडाचं ऐकल्यावर पागोटं बांधून टांग्यात बसले. वाटेत केरबाच तेवढा टांगेवाल्याला घोड्याच्या नालाबद्दल सांगत होता.

डॉक्टर चाळिशीचे, वऱ्हाडाकडचे, हळू बोलणारे. त्यांनी केरबाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"डोळे किती दिवसांपासून पिवळे आहेत?"

"हळदीतला माणूस हाय, सायेब," तात्याबा म्हणाले. "आमी समदीच पिवळी."

डॉक्टरांनी तात्याबांना उजेडाकडे वळवून त्यांच्या पापण्या खाली ओढल्या. मग मला बोलावून दाखवलं. तात्याबांच्या डोळ्यांचं पांढरं म्हातारपणानं मळकट झालं होतं, पण ते पांढरंच होतं. केरबाचं पिवळं होतं. आम्ही रोज त्या डोळ्यांकडे बघत होतो.

केरबाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, त्याला काही खायला द्यायच्या आधी, त्याचं रक्त काढलं. शालूबाई खाटेशीच होती. तो घामाघूम होऊन पहारा मागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोजचं पाणी दिलं. ती मला नंतर सांगत होती, "सुई निघायच्या आत डोळं निवळलं, मास्तर. कुनी दिव्याची वात वर करावी तसं."

दुपारी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. उजव्या बरगडीखाली यकृत असतं, बकऱ्याचं काळीज म्हणून विकतात तेच. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची साखर होऊन रक्तात येते. ती सगळी लगेच लागत नाही. उरलेली यकृत उचलतं आणि बांधून ठेवतं. बांधून ठेवलेल्या त्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. आपण झोपलो, काही खाल्लं नाही, की यकृत त्यातली थोडी थोडी मोकळी करतं. मेंदूला साखरेवाचून चालत नाही. पण साठा असतो, म्हणून रात्रभर झोपूनही आपण सकाळी शहाण्यासारखे उठतो, आणि दिवसभराचा उपासही निभतो.

"काळीज गोडूस लागतंय खरं," केरबा म्हणाला. "पलटनीत बी लागायचं."

"त्याचंच ते," डॉक्टर म्हणाले. "आता तुमचं यकृत. मिसरच्या काविळीनं ते दुखावलं. बहुतेकांचं भरून येतं, तुमचं नीट भरलं नाही. जखमेवर वण राहतो तसे त्याच्यात सगळीकडे वण झालेत. ते आवळून दगडासारखं झालंय. साठवायला जागा थोडी, आणि साठवण्याचं काम करणारा भागही थोडा. संध्याकाळी खाल्लेलं पहाटेपर्यंत पुरत नाही. दुसऱ्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवून जे होईल, ते तुम्हाला एका रात्रीत होतं. आणि रात्री जेवलातच नाहीत, तर..."

केरबानं आपल्या पोटाकडे पाहिलं. "म्हंजी पेवच की," तो म्हणाला. "तोंड हाय, पोट हाय. पर आतनं माती धरून धरून बारीक झालंय. दोन पाट्या टाकल्या की भरतंय आन् दोन पाट्या काडल्या की रिकामं."

डॉक्टरांनी विचारलं, पेव म्हणजे काय? ते परमुलखातले, त्यांना माहीत नव्हतं. तात्याबा सांगू लागले. त्यांना पेवाबद्दल सांगायला आवडे. हातांनी तोंड दाखवलं, पोट दाखवलं, पाला कसा लावायचा ते सांगितलं, आणि "मग हळद भरायची आन् लागंल तशी काडायची" इथपर्यंत येऊन ते थांबले. हात हवेत तसेच राहिले.

"म्या पेव रिकामं करून त्येला खाली सोडत हुतो," ते म्हणाले. "रोज."

 केरबानंच त्यांचा हात खाली घेतला. "तुमाला काय ठावं, मामा. पोट काय फरशी सरकवून बगता येतंय व्हय?"

शालूबाईनं विचारलं, मग हातापायांचं मांस कुठं गेलं? साठा संपला की शरीर आपलंच मांस मोडून साखर करायला बघतं, असं डॉक्टर म्हणाले. "आडं-वासं काडून चूल पेटवायची," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली.

"बरं हुईल का?"

"वण जात नाहीत, बाई. उरलंय ते सांभाळायचं. मीठ कमी, म्हणजे पोटात आणि पायांत पाणी साठणार नाही. दारूचा थेंब नाही. आणि उपाशी राहायचं नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. झोपायच्या तोंडावर पोटात काहीतरी हवंच, आणि उठल्याबरोबर हवं. पहाटे शुद्ध हरपली, पण गिळता येत असलं, तर गुळाचं पाणी पाजायचं. गिळता येत नसेल तर पाजू नका, पाणी श्वासात जाईल. गूळ ओला करून गालाच्या आत चोळा आणि इकडे घेऊन या."

"किती दिस?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगता येत नाही. पण कोणत्याही एका पहाटे काहीही होऊ शकतं."

त्या वाक्यानं शालूबाईची झोप गेली ती गेलीच. केरबा घरी आला, पायांची सूज थोडी उतरली. तात्याबांनी त्याला पेवाच्या काठावर कंदील सोडायचं काम दिलं. टोळीचा जुना नियमही मोडला. उतरणाऱ्यानं आधी चतकोर भाकरी आणि गूळ खायचा, आणि तो त्यांच्यासमोर खायचा. गुंडा म्हणाला, "केरबामुळं आमचं तरी पोट भराय लागलं." तात्याबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो पुढचा घास न चावता गिळून मोकळा झाला.

घरी रात्री झोपायच्या आधी शालूबाई केरबाला बाजरीची भाकरी दुधात कुस्करून देई. तो नको म्हणाला तरी पुढ्यातून उठत नसे. उशाशी तांब्यात गुळाचं पाणी झाकून ठेवलेलं असे. आणि पहाटे, कोंबड्याच्याही आधी, ती त्याला हलवून विचारी, "लंबर?"

तिला अक्षरओळख नव्हती. वन म्हणजे काय, फोर म्हणजे काय, तिला ठाऊक नव्हतं. पण तो नंबर तिला देवाच्या नावासारखा पाठ होता. केरबा झोपेतच म्हणे, "वन फोर सेवन झिरो टू." बरोबर आला, की ती त्याला दोन घोट पाजून पुन्हा निजू देई. स्वतः निजत नसे. जरा उजाडलं की पुन्हा विचारी. कुडापलीकडे आम्हालाही त्याची सवय झाली. उत्तर आल्यावाचून माझी पत्नीही कूस बदलत नसे.

एकदा केरबानं गंमत केली. पहाटे तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "सेवन... सेवन... तू कुनाची?" पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग केरबाचा घाबरलेला आवाज आला. "अगं, हाय म्या. शालू, हाय म्या हितं. वन फोर सेवन झिरो टू. बग की. वन फोर सेवन झिरो टू." तो ते किती वेळा म्हणाला कोण जाणे. सकाळी मी अंगणात आलो तेव्हा शालूबाई आडाच्या कट्ट्यावर बसली होती आणि केरबा तिच्यासमोर उभा राहून, पत्र्याचा मग हातात धरून, तिला चहा पाजू बघत होता. "तूच पी आदी," तो म्हणत होता. "तुझंच पेव रिकामं झाल्यालं दिसतंय." ती हसली नाही. त्यानंतर त्यानं पुन्हा कधी तशी गंमत केली नाही. दिवसा गल्लीत कुणी नंबर विचारला तरी सांगेना. म्हणे, त्यो आता घरातला झालाय.

त्याच्या पुढल्या हिवाळ्यात माझी खंडाळ्याला बदली झाली. पहाटेच निघायचं होतं. सामान बैलगाडीत चढवून झालं होतं, बैल जुंपले होते. केरबाचं पोट पुन्हा फुगत चाललं होतं आणि आदल्या दिवशी निरोप घेताना तो थकलेला वाटला होता. मी आणि माझी पत्नी, दोघंही निघायला तयार असून अंगणात थांबून राहिलो. कशासाठी थांबलोय ते एकमेकांना सांगितलं नाही.

पलीकडे शालूबाईचा आवाज आला. "लंबर?"

उत्तर आलं नाही.

"आवं. लंबर?"

गाडीवानानं बैलांना चुचकारलं. माझ्या पत्नीनं हात वर करून त्याला थांबवलं. तांब्यावरचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. मी आडाचा काठ धरून उभा होतो आणि दगड हाताला ओला लागत होता.

"वन," केरबाचा आवाज आला. खोल खालून यावा तसा. थांबला. "फोर."

मग पुन्हा काही नाही. शालूबाई त्याला मदत करू शकली असती, पुढचा आकडा तिला येत होता. तिनं तो सांगितला नाही. सांगून उपयोग नव्हता, त्याचा त्यालाच यायला हवा होता.

"सेवन," तो म्हणाला. "झिरो. टू."

"पुन्यांदा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितला, या वेळी एका दमात. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग आम्ही गाडीत बसलो.